पत्ता बदलल्यास कळवावे

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या घरात तीन गोष्टी सगळ्यांत आधी माळ्यावर चढल्या. देव्हाऱ्यातले देव, दागिन्यांची डबी आणि माझी फाइल. सूनबाई म्हणाली, "आई, मिक्सर तरी घेऊ का वर?" म्हटलं, मिक्सर पुन्हा मिळेल.

ही फाइल २००५ च्या पुरात एकदा भिजली होती. शाईनं लिहिलेली १९९१ ते १९९६ ची पानं एकमेकांना चिकटली होती. ती मी एकेक सोडवून, वर्तमानपत्राच्या घडीत घालून, कोमट इस्त्री फिरवून सुकवली. काही आकडे कायमचे गेले. तेव्हापासून ती दुहेरी प्लास्टिकात असते आणि घरात लहानथोर सगळ्यांना तिची जागा माहीत आहे. तिच्या पहिल्या पानावर टाचलेलं जे हॉस्पिटलचं जुनं कार्ड आहे, त्याच्या मागच्या बाजूला एक ओळ छापली आहे: पत्ता बदलल्यास कळवावे.

मी चिपळूणच्या पोस्टात छत्तीस वर्षं काढली. अर्धी काउंटरवर, अर्धी सॉर्टिंगला. असली ओळ कोण कशासाठी छापतो हे मला कुणी सांगायला नको.

गाठ सापडली ती १९९१ च्या जानेवारीत. ब्लाउजचं माप घेताना शिंपीणबाईंचा हात थबकला. "इथे काय आहे हो तुमच्या गळ्याशी?" मी एकोणतीस वर्षांची होते. पुढचे तीन महिने लवकर सांगून टाकते: सुईची तपासणी, ऑपरेशन, पूर्ण थायरॉइड काढली, तुकडा तपासून आलेला शब्द 'पॅपिलरी'. "कॅन्सर आहे, पण चांगला कॅन्सर आहे," असं मला तेव्हा सांगण्यात आलं. गेल्या चौतीस वर्षांत हे वाक्य मी किमान दहा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांचं म्हणणं खरं आहे. या जातीच्या कॅन्सरमधून बहुतेक माणसं वाचतात. पण चांगला विंचू चावला म्हणून कुणी पेढे वाटत नाही.

या आजारात कापाकापी आणि औषधाचा मोठा डोस काही महिन्यांत आटोपतो. तपासणी मात्र जन्मभर. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, हे परत परत बोलावणं सुरू कुणी केलं ते शोधावं. पोस्टातल्या माणसाचं लक्ष मजकुराआधी शिक्क्याकडे जातं. पत्र निघालं कुठून?

हे निघालं स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून.

डोंगराळ मुलूख, मातीत आणि पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गावंच्या गावं गलगंडाची. तिथे थिओडोर कोखर हे १८७२ पासून शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. त्या काळात गळ्यावर सुरी चालवणं म्हणजे रक्तस्रावानं रोगी टेबलावरच जाण्याची भीती. कोखर यांचा हात संथ आणि नेटका. रक्ताची एकेक शीर बांधत ते पुढे सरकत, आणि म्हणूनच त्यांना ही ग्रंथी मुळासकट काढता येई. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची ग्रंथी अशी संपूर्ण काढली. जखम छान भरली, मुलगी घरी गेली, विषय संपला. पुढे काही वर्षांनी तिच्या गावाकडच्या डॉक्टरनं कळवलं की मुलगी पार बदलून गेली आहे. अंग सुजलेलं, बुद्धी मंद, वाढ थांबलेली. नऊ वर्षांनंतरच्या चित्रात ती आणि तिची धाकटी बहीण शेजारी उभ्या आहेत, आणि धाकटी उंच आहे.

१८८२ च्या सप्टेंबरात जिनिव्हाचे सर्जन रेव्हर्दँ यांनी कोखर यांना भेटून सांगितलं की पूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या रोग्यांत त्यांनाही असंच काही दिसतं आहे. कोखर परतले आणि त्यांनी जे केलं ते मला त्यांच्या ऑपरेशनांपेक्षा मोठं वाटतं. गलगंडाची १०२ ऑपरेशनं त्यांच्या हातून झाली होती; त्यांतल्या ७७ जणांना त्यांनी शोधायचं ठरवलं. जी माणसं बरी झाली म्हणून त्यांच्या वहीतून निघून गेली होती, त्यांना परत बोलावलं. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांची दशा त्या मुलीसारखीच झालेली होती. म्हणजे हात जितका सफाईदार, तितकं नुकसान जास्त. १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या सभेत उभं राहून त्यांनी हे सांगितलं, आणि साध्या गलगंडासाठी ग्रंथी संपूर्ण काढणं सोडून दिलं. १९०९ साली त्यांना नोबेल मिळालं.

ज्या अर्थी इतक्या लोकांना शोधता आलं, त्या अर्थी त्यांची नावंगावं कुणीतरी कुठेतरी नीट लिहून ठेवली होती. तो लिहिणारा कारकून कोण, हे इतिहासात नाही. नसणारच.

कोखर यांच्या त्या मुलीला जे मिळालं नाही ते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या एका बाईंना मिळालं. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून त्यांना टोचला. बाईंचं वय सेहेचाळीस, अंगावर सूज, बोलणं जड, कायम थंडी. काही आठवड्यांत त्या माणसांत आल्या. पुढे टोचण्याऐवजी अर्क पोटात घेऊ लागल्या. त्या १९१९ पर्यंत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या होईस्तोवर जगल्या आणि तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. हा हिशोब मरे यांनी लिहून ठेवला आहे. अठ्ठावीस वर्षं एका रोग्यावर नजर ठेवून शेवटी मेंढ्यांची बेरीज मांडणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. पुढे १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल यांनी ग्रंथीतून थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं, १९२६-२७ मध्ये इंग्लंडात हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि हळूहळू मेंढ्या सुटल्या.

माझ्या वाट्याला आली ती एल्ट्रॉक्सिनची बाटली. शंभर गोळ्यांची. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. लग्न झालेल्या कोकणी बाईला सकाळचा पहिला अर्धा तास चहावाचून काढायला सांगणं काय असतं ते डॉक्टरांना कळत नाही. सासूबाईंनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवसापासून माझा कप त्या झाकून ठेवू लागल्या. त्या होत्या तोवर तो झाकलेला कप हे माझं घड्याळ होतं.

गोळीनं जगता येतं, हे झालं एक. कॅन्सरच्या पेशी कुठे उरल्या असतील तर त्या शोधायच्या कशा, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलात सापडलं.

एका माणसाची थायरॉइड १९२३ मध्ये काढली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याला थायरॉइड जास्त झाल्याची लक्षणं दिसू लागली: वजन उतरणं, छातीत धडधड. ग्रंथीच नाही, मग हे कुठून? कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरला होता आणि तिथे बसून ग्रंथीचंच काम करत होता. डॉ. सॅम्युएल सिडलिन यांनी १९४३ मध्ये त्याला किरणोत्सारी आयोडीन पाजलं. आयोडीनचं शरीरातलं मुख्य घर म्हणजे थायरॉइडची पेशी. मग ती गळ्यात असो की हाडात. गायगर काउंटर अंगावरून फिरवला तर जिथे जिथे रोग तिथे तिथे तो वाजला. ज्यानं पत्ता सांगितला तेच औषध त्या पत्त्यावर पोचून काम करत होतं. १९४६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेत हे प्रसिद्ध झालं आणि जगभर थायरॉइडच्या कॅन्सरच्या उपचारांची तऱ्हा बदलली.

आपल्याकडे हे यायला अणुभट्टी लागणार होती. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याची अप्सरा सुरू झाली, १९६० मध्ये सायरस. आयोडीन-१३१ ची ताकद आठ दिवसांत निम्मी होते, पुढच्या आठ दिवसांत पाव. परदेशातून विमानानं मागवायचं तर वाटेतच हिशोब सुरू. तुर्भे ते परळ हे अंतर तासाभराचं. परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ पासून होतं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आलं आणि १९६३ मध्ये त्याच्याच अ‍ॅनेक्सच्या इमारतीत, जेरबाई वाडिया रोडवर, आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडलं. डॉ. आर. डी. गणात्रा हे तिथल्या सुरुवातीच्या काळातलं मोठं नाव. पुढे ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत गेले. १९७३ पासून परळच्या या सेंटरमध्ये या विषयाची पदविका शिकवली जाऊ लागली. देशात आज जे डॉक्टर ही विद्या चालवतात त्यांतल्या किती जणांचे गुरू नाहीतर गुरूंचे गुरू या एका गल्लीतून गेले असतील.

मला मात्र ते सगळं माहीत नव्हतं. मला माहीत होती ती रात्रीची एसटी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. आम्ही जायचो तेव्हा कशेडीचा घाट, पेणला चहा, आणि पहाटे परळ डेपो. डेपोतून हॉस्पिटल चालत. हे बरोबर असायचे, हातात वायरची पिशवी, पिशवीत फाइल. मुक्कामाला कधी नातेवाईक, कधी नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. ओपीडीत बाकावर शेजारी बिहारच्या, बंगालच्या बायका. एकीचा गळा बघून मला माझं दुखणं लहान वाटलं होतं. तिनं मला विचारलं, "दीदी, आप कितने साल से आ रही हैं?" मी म्हटलं, पहिलीच वेळ. ती म्हणाली, तिची नववी.

आयोडीनचा डोस घेण्याआधी थायरॉइडची गोळी बंद ठेवायची असते. चार ते सहा आठवडे. शरीर थायरॉइडसाठी ओरडू लागलं पाहिजे, मेंदूनं टीएसएच नावाचा हुकूम जोरात सोडला पाहिजे, म्हणजे उरलेल्या पेशी हावऱ्यासारख्या आयोडीन ओढून घेतात. ऐकायला सोपं आहे. पण ते सहा आठवडे म्हणजे कोखर यांच्या त्या रोग्यांच्या अंगात शिरून राहणं. एप्रिलच्या उकाड्यात मी काउंटरवर स्वेटर घालून बसत असे. आवाज पुरुषी झालेला. मनीऑर्डरची बेरीज तीनदा करावी लागे. एक दिवस सकाळी शिक्क्याची तारीख बदलायलाच विसरले आणि दुपारपर्यंत सगळ्या टपालावर कालची तारीख मारत बसले. पोस्टमास्तरांच्या लक्षात आलं तेव्हा दोन थैल्या बांधून झाल्या होत्या. पोस्टात याच्याइतकी मोठी चूक नाही. ते रागावले नाहीत. शिक्का माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आठ दिवस तिकिटं विका."

आयोडीन प्यायला दिलं ते पाण्यासारखं, नळीनं. मग दार बंद. चार दिवस एकटीनं खोलीत. लघवीला गेलं की दोनदा पाणी सोडायचं. ते पाणी सरळ गटारात जात नाही, टाक्यांत साठवून त्याची ताकद उतरू देतात. लाळग्रंथींना इजा होऊ नये म्हणून लिंबाच्या आंबट गोळ्या चघळायच्या. रोज एक माणूस येई, ठरल्या अंतरावर उभा राही, मीटर माझ्याकडे धरी आणि आकडा लिहून घेई. आकडा उतरत गेला की सुटका जवळ. माझी सगळी वर्षं पाकिटं वजनकाट्यावर ठेवण्यात गेली. इथे मीच काट्यावर होते.

मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. घरी आल्यावरही काही दिवस त्याला उचलून घ्यायचं नाही, अंतर ठेवायचं. तो उंबऱ्याच्या आत, मी ओटीवर. सासूबाई त्याला धरून बसलेल्या. तो आधी रडला, मग कंटाळून खेळायला लागला. मला ते कंटाळणं जास्त लागलं.

आणि मीठ. त्याबद्दल सांगितलं पाहिजे. डोसच्या किंवा स्कॅनच्या आधी दोन आठवडे आहारातलं आयोडीन तोडायचं, म्हणजे पेशी भुकेल्या राहतात. मासे बंद, दूध-अंडी बंद, आयोडीनचं मीठ बंद. आता याची दुसरी बाजू बघा. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचे पट्टे होते. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवलं की गलगंड हटतो. १९६२ मध्ये सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि शेवटी २००६ च्या मेपासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायलाच देशभर बंदी आली. कोट्यवधी मुलांच्या भल्याचं काम आहे हे, त्यात वाद नाही. पण २००८ मध्ये माझा स्कॅन ठरला तेव्हा मी वाण्याकडे खडेमीठ मागायला गेले. तो म्हणाला, "वहिनी, खायचं आता आयोडीनवालंच येतं. बिनआयोडीनचं म्हणाल तर हे गुरांचं आहे." मी आणि तो, दोघंही त्या पोत्याकडे बघत उभे. शेवटी पेणच्या नणंदेनं ओळखीच्या आगरातलं मीठ पाठवलं. गंमत अशी की समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतंच, आणि त्याच समुद्राच्या माशात भरपूर. दोन आठवडे घरात बांगडे तळले जात होते आणि मी वरणभात जेवत होते.

स्कॅनची यंत्रं माझ्या डोळ्यांदेखत बदलली. त्याआधीची कथा ऐकली आहे: १९५० च्या सुमारास कॅसन यांनी बनवलेला स्कॅनर शेतात नांगर चालावा तसा अंगावरून एकेक ओळ सरके आणि कागदावर टकटक ठिपके उमटवी. १९५८ मध्ये हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा आला, त्याला एका नजरेत मोठा भाग दिसे. मी झोपले ती त्याच्याच पुढच्या पिढ्यांखाली. पहिल्या वर्षी एका तरुण डॉक्टरनं फिल्म दिव्यासमोर धरून दाखवली होती. "ही लाळग्रंथी, हे पोट, ही लघवीची पिशवी. ही सगळ्यांची दिसते. आणि हा गळा बघा, रिकामा." रिकामा हा शब्द मला तोवर वाईट वाटायचा.

पुढे स्कॅनची गरज कमी होत गेली ती रक्ताच्या एका तपासणीमुळे, आणि तिचं मूळ न्यूयॉर्कमध्येच ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात आहे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात रक्तातल्या अतिसूक्ष्म द्रव्यांची मोजणी करायची युक्ती काढली. तिचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले, यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. याच युक्तीनं थायरोग्लोब्युलिन मोजता येऊ लागलं. आम्ही त्याला टीजी म्हणतो. हे द्रव्य थायरॉइडची पेशीच बनवते. ज्याची ग्रंथी काढली, उरलीसुरली आयोडीननं जाळली, त्याच्या रक्तात ते दिसता कामा नये. दिसलं, तर कुठेतरी कुणी राहत आहे. १९७५ मध्ये व्हॅन हर्ल आणि उलर यांनी हे थायरॉइडच्या कॅन्सरला लावून दाखवलं. तेव्हापासून आमच्यातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात टीजीचा एक आकडा आहे. ओपीडीत एकमेकींना 'कशा आहात' विचारत नाहीत. 'टीजी किती' विचारतात. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं की दरवेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावं, कारण पद्धत बदलली की आकडा हलतो, आणि आकडा हलला की झोप जाते.

तीस-चाळीस वर्षं हे कशाला चालवायचं, असं मीही विचारलं होतं. उत्तर अमेरिकेच्या डॉ. मॅझाफेरी यांच्या कामात आहे. १९७७ मध्ये त्यांनी ५७६ रोग्यांची पाहणी छापली. ती उभी होती अमेरिकन हवाई दलाच्या नोंदवहीवर. सैन्याला आपल्या माणसाचा पत्ता ठाऊक असतो, तिथे माणूस हरवत नाही. पुढे १९९४ मध्ये त्यांनी १३५५ जणांचा हिशोब मांडला: तीस वर्षांत सुमारे तीस टक्के लोकांत रोग कधी ना कधी पुन्हा डोकावला. बहुतेकांना पहिल्या दहा वर्षांत, काहींना पार उशिरा. म्हणून तारीख देत राहतात.

आता माझी तक्रार. १९९९ ची. आमच्याच भागातल्या एका डॉक्टरांकडे मी खोकल्यासाठी गेले होते. त्यांनी सहज रक्त तपासलं. टीएसएच आला ०.०५. "अहो, तुम्ही गोळी किती जास्त घेताय! हार्टवर परिणाम होईल." दीडशेची गोळी पंचाहत्तरवर आणली. मी घेतली, कारण डॉक्टर सांगतात ते आपण ऐकतो. पाच महिन्यांनी परळच्या तारखेला टीएसएच भलताच वाढलेला. साध्या थायरॉइडच्या रोग्याला जो आकडा चूक, तोच माझ्यासारखीला त्या काळी मुद्दाम ठेवलेला असे. हुकूम सुटलाच नाही तर उरलेली पेशी जागी होणार नाही, हा त्यामागचा विचार. हे त्या डॉक्टरांना माहीत नव्हतं, आणि मला कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. चूक कुणाची हे मी ठरवत बसले नाही. घरी येऊन फाइलच्या वरच्या बाजूला लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं: हा आकडा मुद्दाम कमी ठेवला आहे, परळला विचारल्याशिवाय गोळी बदलू नये.

याची उलटी फेरी २०१६ मध्ये झाली. परळच्याच डॉक्टर बाई म्हणाल्या, "ताई, आता गोळी थोडी कमी करू." मी भांडले. लाल शाई दाखवली. त्यांनी शांतपणे समजावलं की वर्षानुवर्षं टीएसएच दाबून ठेवला तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१५ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ज्यांचा टीजी वर्षानुवर्षं शून्याजवळ आहे त्यांना इतकं दाबायची गरज नाही. स्कॅनही नको, गळ्याची सोनोग्राफी आणि टीजी पुरे. गोळी बंद न करता टीएसएच वाढवणारं इंजेक्शन तर अमेरिकेत १९९८ पासून मिळतं, पण आमच्यासारख्यांना त्याची किंमत ऐकूनच बरं वाटतं. एकूण काय, ज्या सक्तीनं मला वाचवलं तीच सक्ती माझ्या साठीत माझी हाडं खात बसली असती. लाल शाईच्या ओळीखाली मी निळ्या शाईनं नवी तारीख आणि नवा आकडा लिहिला. जुनी ओळ खोडली नाही.

सॉर्टिंगला बसले असताना हॉस्पिटलांची कार्डं माझ्या हातातून जायची. तपासणीची तारीख चुकवलेल्यांना पाठवलेली. कधी जोडकार्ड, म्हणजे उत्तराचा अर्धा भाग कोराच जोडलेला. त्यांतली बरीच परत येत. पोस्टमन पेन्सिलीनं शेरा मारतो: 'पत्ता अपुरा', 'सोडून गेले', 'मालक मयत'. डॉक्टरांच्या पाहणीत असा माणूस एका रकान्यात जातो, नंतर संपर्क नाही म्हणून. एकदा गुहागर रस्त्यावरच्या एका वाडीतल्या बाईचं कार्ड परत आलं, शेरा 'सोडून गेले'. नियमानं ते पाठवणाऱ्याकडे जायला हवं होतं. मी त्या बीटच्या पोस्टमनला म्हटलं, "दादा, उद्या जाल तेव्हा शेजारी विचारा ना." दुसऱ्या दिवशी तो सांगत आला, बाई मुलाकडे डोंबिवलीला गेल्या आहेत, पत्ता शेजारणीकडे होता. मी खाली नवा पत्ता लिहिला आणि कार्ड डोंबिवलीच्या थैलीत टाकलं. त्या पुढे तपासणीला गेल्या का, माहीत नाही.

आता कार्डं येत नाहीत, मोबाइलवर संदेश येतो. आणि मोबाइल नंबर माणसं चपलांसारखे बदलतात. मुलाच्या नावावरचं सिम, रिचार्ज संपलं म्हणून टाकून दिलेलं, नंबर दुसऱ्याच कुणाकडे. कोविडच्या काळात माझी एक तारीख बुडाली. पुरानंतर नवा फोन घेतला तेव्हा परळला जाऊन मी पहिलं काम केलं ते खिडकीवर नंबर बदलून घेण्याचं. तिथल्या मुलानं संगणकात बघून विचारलं, "आजी, जुना पत्ता तोच ना? चिपळूण, बाजारपेठ?" तोच, म्हटलं.

तुमच्या घरात अशी फाइल असेल तर आज संध्याकाळी ती काढा. पहिल्या पानावर शेवटचा टीजी, टीएसएच आणि गोळीचा आकडा तारखेसकट लिहा. आणि हॉस्पिटलात शेवटचा जो नंबर दिला होता, तो अजून तुमच्याच खिशात वाजतो का, ते एकदा लावून बघा.